हिरवळ हवी तर वाफशाची वाट पाहा
ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालण्याची घाई अंगलट येते

बुलडाणा (प्रतिनिधी) - मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे ट्रॅक्टरच्या शोधात निघतात. पहिला अर्थातच शेतकरी. दुसरा आहे शहरी माणूस. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर या शहरांच्या कडेला शेताचे भूखंड झाले, त्यांवर घरे उभी राहिली आणि घरापुढे चार-पाच गुंठे मोकळी जागा उरली. त्या जागेत हिरवळ असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. शाळेचे मैदान हिरवे करू पाहणाऱ्या संस्था आणि लग्नसमारंभासाठी रस्त्यालगत 'लॉन्स' उभारणारे व्यावसायिक यांचीही हीच धडपड असते. पाऊस झाला, जमीन मऊ झाली, आता ट्रॅक्टर फिरवून घ्यावा आणि गवताचे बी टाकून द्यावे, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. बी उगवते ते तुटक तुटक. कुठे पाणी साचते, कुठे दगडासारखी ढेकळे उरतात आणि दिवाळीपर्यंत हिरवळीऐवजी लव्हाळा व गाजरगवत माजते. दोष बियाण्याला दिला जातो. खरा दोष असतो तो ट्रॅक्टर जमिनीत घातला त्या दिवसाचा. शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असलेली 'वाफसा' ही गोष्ट शहरातल्या अंगणात विसरली जाते, इतकेच.

काळ्या मातीचा स्वभाव

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सर्वपरिचित आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावरचे. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरणारे. घाटावर उताराच्या जागी हलकी, मुरमाड जमीन आढळते आणि सखल भागात मध्यम ते भारी काळी. पूर्णाकाठची माती मात्र फार खोल आणि फार चिकट. या सर्व मातीचा उगम एकच, दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट अर्थात काळा पाषाण.

या खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या भारी मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. त्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची रचना पातळ पापुद्र्यांची असते. पाऊस पडला की पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगणे व आक्रसणे हा या मातीचा गुण आहे, कारण त्यामुळेच ती ओल धरून ठेवते. कपाशी कोरड्या दिवसांतही तग धरते ती याच गुणाच्या बळावर. परंतु ओल्या अवस्थेत हीच माती मळलेल्या कणकेसारखी होते. तिच्यावर दाब पडला तर ती फुटत नाही, दबते आणि सरकते.

चांगल्या जमिनीत ढोबळमानाने निम्मा भाग घन पदार्थांचा, पाव भाग पाण्याचा आणि पाव भाग हवेचा असावा, असे मृदाशास्त्र सांगते. मुसळधार पावसानंतर हवेची जागाही पाण्याने घेतलेली असते. हळूहळू मोठ्या पोकळ्यांतील पाणी खाली झिरपते, पुन्हा हवा शिरते आणि माती हाताला ओलसर लागूनही भुसभुशीत फुटू लागते. ही अवस्था म्हणजे वाफसा. बी रुजण्यास ओल, हवा आणि ऊब या तिन्हींची गरज असते व त्या तिन्ही गोष्टी वाफशातच एकत्र येतात. ट्रॅक्टर चालविण्यासाठीही हीच अवस्था योग्य होय.

ओल्यात चाक फिरले तर काय होते

शेतीकामाचा मध्यम क्षमतेचा ट्रॅक्टर अवजाराशिवाय सुमारे दोन टन भरतो. हे वजन चार चाकांच्या लहानशा भागावरून जमिनीत उतरते. कोरडी माती ते पेलते. ओली माती मात्र दबून तिच्यातील पोकळ्या नाहीशा होतात. मृदाशास्त्रज्ञांचे याविषयीचे निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे: एकाच जागेवरून चाक अनेकदा गेले तरी एकंदर नुकसानीचा मोठा वाटा पहिल्याच फेरीत होतो. त्यामुळे 'एकदाच फिरवून घेऊ' या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे नुकसान चाक घसरल्याने होते. चिखलात चाक जागीच फिरू लागले की टायरच्या खाचा मातीला लिंपून टाकतात. चाकोरीचा तळ गुळगुळीत, चकाकणारा दिसतो. तो वाळला की त्यातून पाणी झिरपत नाही व कोवळे मूळही शिरत नाही.

तिसरे नुकसान अवजाराचे. शहरी भूखंडावर सर्रास मागणी असते ती रोटाव्हेटरची, कारण एका फेरीत जमीन पिठासारखी दिसते. वाफशातील मातीत हे अवजार उपयोगी आहे. ओल्या चिकणमातीत मात्र त्याची वेगाने फिरणारी पाती माती कापण्याऐवजी थापतात आणि पात्यांच्या पोहोचेच्या खाली कडक थर तयार होतो. वरची दहा-बारा सेंटीमीटर माती मोकळी दिसते, खाली जणू फरशी घातलेली असते. पुढचा पाऊस या फरशीवर अडतो, वरचा थर चिखल होतो आणि गवताची मुळे कुजतात. पाऊस उघडला की तोच थर ओल खालून वर येऊ देत नाही. हिरवळीवर पिवळे डाग दिसू लागतात ते याच कारणाने.

भंडारा, गोंदिया किंवा कोकणात भातासाठी पाण्याने भरलेल्या खाचरात मुद्दाम चिखलणी करतात, ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके लावतात, मग तेथे नुकसान कसे होत नाही, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. उत्तर असे, की तेथे नेमका तोच परिणाम हवा असतो. भाताला पाणी उभे राहायला पाहिजे. म्हणून पोकळ्या बुजवून पाणी न झिरपणारा थर तयार केला जातो. हिरवळीच्या गवताला उभे पाणी नको असते. भातासाठी जी कृती तीच हिरवळीसाठी अपकृती ठरते.

वाफसा ओळखावा कसा

यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर उन्हाने लवकर सुकतो आणि फसवतो, म्हणून खुरप्याने दहा ते पंधरा सेंटीमीटर खोलीवरची माती काढावी. तिचा मुठीत दाबून लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. लाडू फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. तो चपटा होऊन तसाच राहिला तर जमीन अजून ओली आहे. मुठीत लाडूच झाला नाही, तर ओल कमी आहे.

दुसरी परीक्षा वळीची. मातीची गोळी दोन तळव्यांत घोळवून दोरीसारखी वळी करावी. सुमारे तीन मिलिमीटर जाडीपर्यंत ती न तुटता वळली गेली तर जमिनीत ट्रॅक्टर घालू नये. त्याआधीच ती तुटू लागली तर घालण्यास हरकत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट अटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मातीच्या अवस्थांची जी मांडणी केली, तिच्यावर आधारलेली ही कसोटी आजही बांधकाम अभियंते प्रयोगशाळेत वापरतात. आपल्याकडचा शेतकरी मात्र ढेकूळ पायाने दाबून किंवा चपलेला माती किती चिकटते हे पाहून हाच निष्कर्ष काढत आला आहे.

मोठ्या पावसानंतर मुरमाड जमिनीत एक-दोन दिवसांच्या उघडिपीने वाफसा येतो. मध्यम जमिनीला तीन-चार दिवस लागतात, तर घाटाखालच्या खोल काळ्या मातीला आठवडा किंवा त्याहूनही अधिक. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मातीतील सोडियममुळे कण विखुरतात, पाणी फार हळू झिरपते आणि वाफशाची वेळ आणखी लांबते. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीत यंदा पाऊस कसा, याची भाकिते ऐकण्यास मोठी गर्दी लोटते. पण आपल्या अंगणातला वाफसा कोणत्या दिवशी येईल, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही भाकितात नाही. तो हाताने माती चाचपूनच कळतो.

जड काम उन्हाळ्यात, हलके काम पावसाळ्यात

हिरवळीच्या तयारीचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. ट्रॅक्टरची सर्व जड कामे जमीन कोरडी असताना एप्रिल-मे महिन्यांत उरकावीत आणि पावसाळ्यासाठी केवळ वरवरची मशागत शिल्लक ठेवावी.

घर बांधताना विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा, खडी आणि पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम अंगणात पसरलेला असतो. तो प्रथम वेचून काढावा. बांधकामाच्या काळात मालमोटारींच्या वर्दळीने जमीन आधीच दबलेली असते. तेथे कोरड्या जमिनीत छिझल नांगराची ३० ते ४५ सेंटीमीटर खोल पास द्यावी. कडक थर तडकून फुटतो. हेच अवजार ओल्या मातीत चालवले तर नुसती एक चीर पडते, थर फुटत नाही आणि डिझेल वाया जाते. त्यानंतर साधी नांगरट करून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. वऱ्हाडातील शेतकरी उन्हाळी नांगरट करून जमीन तापवतो, ती किडींचे कोष आणि तणांच्या काशा वर येऊन वाळाव्यात म्हणून. अंगणालाही तोच न्याय लागू आहे.

यानंतरचे काम उताराचे. हिरवळ सपाट असावी हा गैरसमज आहे. ती एकसारखी असावी, पण किंचित उताराची. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा मीटरला दहा ते पंधरा सेंटीमीटर उतार पुरेसा होतो. ट्रॅक्टरच्या मागील पात्याने तो कोरड्या मातीत सहज काढता येतो. उताराच्या शेवटी उथळ चर ठेवावा. काळ्या मातीच्या प्रदेशात निचऱ्याचे महत्त्व किती, हे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात रुंद वरंबा सरी पद्धतीच्या प्रयोगांतून दाखवून दिले. रुंद गादीवर पीक आणि दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून जादा पाण्याला वाट, असे तिचे स्वरूप. जिल्ह्यात खरिपात सर्वाधिक क्षेत्र असलेल्या सोयाबीनसाठी कृषी विभाग या पद्धतीच्या पेरणी यंत्राची शिफारस करतो. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलडाण्याचा समावेश झाल्यानंतर तिला आणखी चालना मिळाली. अंगणात सऱ्या काढायच्या नसल्या तरी पाण्याला वाट देण्याचे तत्त्व तेच राहते.

शेवटी खत. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दोन सेंटीमीटर जाडीने पसरायचे तर एका गुंठ्याला सुमारे दोन घनमीटर लागते. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्याबरोबर तणांचे बी येते. काळ्या मातीत वाळूची एखादी ट्रॉली मिसळण्याचा सल्ला अनेकजण देतात. तेवढ्याशा वाळूने निचरा सुधारत नाही. चिकणमाती वाळूच्या कणांभोवतीची जागा भरून टाकते. खारपाणपट्ट्यातील चोपण जमिनीत जिप्समचा उपयोग होतो, परंतु तो माती परीक्षणानंतरच करावा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तसेच जिल्ह्यातील बुलडाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे त्यासाठी विचारणा करता येईल.

पाऊस आल्यावर

खरिपासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे आवाहन कृषी विभाग दरवर्षी करतो. पहिल्या सरींवर पेरून पुढे पावसाने ताण दिला तर दुबार पेरणीचे संकट ओढवते, हा अनुभव जिल्ह्याने अनेकदा घेतला आहे. हिरवळीसाठीही पहिल्या पावसावर बी टाकू नये. तो पाऊस तण उगवून येण्यासाठी सोडावा. दोन आठवड्यांत जमीन हिरवी दिसू लागली की वाफसा पाहून हलक्या वखराची उथळ पाळी द्यावी व तण मुळासह कापून काढावे. येथे रोटाव्हेटर वापरू नये, कारण त्याच्या पात्यांनी लव्हाळ्याच्या गाठी सर्वत्र पसरतात. लहान जागेत बैलजोडीचा वखर किंवा छोटा ट्रॅक्टर पुरतो.

ट्रॅक्टर वापरणारच असाल तर चालकाला एक प्रश्न अवश्य विचारावा: चाकात हवा किती आहे? रस्त्यावर ट्रॉली ओढण्यासाठी टायर टणक फुगवलेले असतात. चाकाचा जमिनीवरील दाब ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. उत्पादकाने शेतकामासाठी सांगितलेल्या मर्यादेपर्यंत हवा कमी केली, तर चाक पसरते आणि माती कमी दबते. जागेच्या एकाच कडेने ये-जा करावी, वळणे हिरवळीच्या जागेबाहेर घ्यावीत आणि टायरच्या खाचांत माती भरू लागली की काम तेथेच थांबवावे.

बी कोणते? महाराष्ट्राच्या उन्हाला मानवणारे गवत म्हणजे हरळी. शेतकरी जिला उपटून टाकता टाकता थकतो आणि गणपतीला जिच्या दुर्वा वाहतो, तीच ही हरळी शहरात बर्म्युडा या नावाने पाकिटातून विकली जाते. तिचे बी अतिशय बारीक, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे असतात. एका गुंठ्याला अर्धा ते एक किलो सोललेले बी पुरते. ते बारीक वाळूत मिसळून निम्मे उभे व निम्मे आडवे फेकावे, म्हणजे जागा मोकळी राहत नाही. सोयाबीन चार-पाच सेंटीमीटर खोल पेरले तरी उगवते. हरळीचे बी अर्ध्या सेंटीमीटरहून खोल गेले तर वर येत नाही. म्हणून दाताळ्याने हलकेच माती ओढावी आणि वरचा थर चिकटत नसेल तेव्हाच हाताचा रूळ फिरवावा.

जुलैची सर बारीक बी एका तासात उताराखाली वाहून नेऊ शकते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने पिकांसह जमीनही खरवडून नेली होती. तेवढ्या पावसापुढे इलाज नाही. पण एरवीच्या सरींपासून रक्षणासाठी गव्हांड्याचा विरळ थर किंवा ओला बारदाना अंथरता येतो. अंकुर एक ते तीन आठवड्यांत दिसतात. ते दिसताच आच्छादन काढावे. पावसाळाभर जमीन वाफशावर आलीच नाही, तर बी टाकण्याचा हट्ट सोडावा. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी अखेर, थंडी ओसरल्यावर पुन्हा संधी मिळते.

चूक झालीच असेल तर

ओल्यात ट्रॅक्टर फिरून चाकोऱ्या पडल्या असतील तर त्या लगेच दुसऱ्या फेरीने बुजवू नयेत. काळी माती स्वतःची डागडुजी काही प्रमाणात स्वतःच करते. फुगण्या-आक्रसण्याने दबलेल्या थरात भेगा पडतात व त्यांतून हवा-पाणी खेळू लागते. तिला एक उन्हाळा तापू द्यावे, मग कोरड्यात खोल पास द्यावी. यात एक हंगाम जातो, पण जमीन वाचते.

पाण्याचा हिशेब आधी

या सर्व खटाटोपाआधी एक आकडा प्रत्येकाने कागदावर मांडावा. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका गुंठ्याला दिवसाला सुमारे ५०० लिटर होतात. एक एकराच्या लॉन्सला हाच हिशेब २० हजार लिटरवर, म्हणजे दहा हजार लिटरच्या दोन टँकरवर जातो. उन्हाळ्यात जिल्ह्यातील कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, हे लक्षात घेता पाच गुंठ्यांपैकी एका गुंठ्यात हिरवळ आणि उरलेल्या जागेत कडुनिंब, बहावा यांसारखी कमी पाण्यावर जगणारी झाडे, ही विभागणी अधिक शहाणपणाची ठरेल. हरळीचा एक गुण येथे उपयोगी पडतो. पाणी तोडले तर ती पिवळी पडते, पण तिच्या जमिनीखालच्या काशा जिवंत राहतात व पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते. मे महिन्यात अंगण पिवळे दिसणे हे अपयश मानण्याचे कारण नाही.

शेतकऱ्याचा वाफसा चुकला तर त्याचे वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. अंगणवाल्याचे तेवढे नुकसान होत नाही. त्यामुळेच कदाचित तो निष्काळजी राहतो. माती मात्र शेताची आणि अंगणाची एकच असते आणि तिचे नियमही एकच. ट्रॅक्टर दारात येऊन उभा असला तरी मुठीतला लाडू फुटत नसेल, तर चालकाला चहा पाजून परत पाठवावे आणि उघडीप पाहून आठवड्याने पुन्हा बोलवावे.